मिक्सर उघडा

शिंदेकाकूंनी पदर सारखा केला, माइक दोन्ही हातांनी धरला आणि मान तिरकी करून सुरुवात केली.

"काळ्या चंद्रकळेवर हलव्याचा साज..."

उखाण्यात इथे थांबायचं असतं. पहिली ओळ झाली की जरा लाजायचं, बायकांनी "घ्या, घ्या, नाव घ्या" म्हणून गलका करायचा आणि मग दुसरी ओळ. काकू थांबल्या. लाजल्या. आणि नेमक्या त्या रिकाम्या जागेत कॉम्प्युटर खणखणीत बोलला,

"वॉर्निंग! थ्रेट डिटेक्टेड!"

"...संपतरावांचं नाव घेते, संक्रांत आहे आज," काकूंनी नेटानं पूर्ण केलं.

पहिल्या रांगेतल्या एका आजींनी कानामागे हात धरला. "काय म्हणाली गं ती बाई?"

"धोका सापडला म्हणाली."

"कोण, संपतराव?"

सगळा हॉल फुटला. शिंदेकाकू तेवढ्या हसल्या नाहीत.

ही तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आता मी दहावीत आहे, शाळेच्या गॅदरिंगचं सूत्रसंचालन करते आणि माझ्या हातून माइक परत घ्यायला सरांना दोन पोरं पाठवावी लागतात. पण तेव्हा मी सातवीत होते, हॉलच्या अगदी शेवटच्या सतरंजीवर बसले होते आणि माझा घसा ठार बसला होता. तीन दिवस बोरं आणि तिळगूळ, दुसरं काही नाही. "आ" केला की सायकलीच्या पंपातून हवा जावी तसा आवाज यायचा.

आमची कॉलनी साखर कारखान्याची. बाबा मिलमध्ये फिटर. संक्रांतीला महिला मंडळाचं हळदीकुंकू असतं आणि त्यात उखाण्यांची स्पर्धा असते. त्या वर्षी स्पर्धेत आईनं नाव दिलं होतं. अकरावा नंबर.

हे साधं वाटतं, पण साधं नव्हतं. आई बोलताना अडखळते. सगळ्या शब्दांवर नाही, पण 'भ'वर हमखास. आणि बाबांचं नाव भगवान. आई म्हणते, बायकांनी नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही पद्धत ज्यानं काढली त्याचं भलं होवो, तिचा संसार त्याच्यामुळे चालला. लग्नात उखाणा घ्यायला लावला तेव्हा ती "भ... भ..." वर अडकली आणि करवल्या, मावश्या, वाजंत्रीवाले, सगळे एका सुरात ओरडले, "भगवानराव!" म्हणजे अख्ख्या मांडवानं बाबांचं नाव घेतलं, आई सोडून. चौदा वर्षं झाली तरी ते राहूनच गेलं होतं.

उखाणा तिनं स्वतः रचला होता. महिनाभर कुकरसमोर उभी राहून म्हणायची. कुकरसमोर ती कधीच अडखळत नाही.

"आई, माणसांसमोर म्हणून बघ ना. माझ्यासमोर म्हण."

"त... तुझ्यासमोर नको."

"का?"

"तू म... मध्येच..."

"मध्येच काय? मध्येच हसते?"

आईनं कुकरची शिट्टी काढली.

तर अशी परिस्थिती. आणि इथे कॉम्प्युटर बायकांच्या नवऱ्यांना धोका म्हणत होता.

स्टेजच्या कडेला टेबल होतं, टेबलावर हॉलचा कॉम्प्युटर आणि त्याच्यापुढे खोतमामा. खोतमामा हॉलचे राखणदार. किल्ल्या त्यांच्याकडे, सतरंज्या त्यांच्याकडे, आणि माऊसवर ते पांढरा रुमाल घालून ठेवायचे, देवघरातल्या शंखावर घालावा तसा. लहान मुलांनी माऊसच्या तीन फुटांत यायचं नाही हा कायदा होता.

त्या कॉम्प्युटरमधून एकाच वेळी चार जण बोलत होते. एक म्हणजे सनई, मंद, पार्श्वसंगीताला. दुसऱ्या अभ्यंकरबाई. त्या कॉलनीच्या शाळेत मराठी शिकवायच्या, निवृत्त होऊन पुण्याला मुलाकडे गेल्या, पण परीक्षक त्याच हव्यात म्हणून व्हिडिओ कॉलवर, प्रोजेक्टरनं भिंतीएवढ्या होऊन बसल्या होत्या. तिसरी ती 'थ्रेट डिटेक्टेड' म्हणणारी, कॉम्प्युटरमधले व्हायरस पकडणारी बाई. आणि चौथा एक पुरुष होता, तो थोड्याच वेळात कळला. जगताप वहिनी उभ्या राहिल्या.

"चांदीच्या ताटात पेढे मांडले गोल..."

थांबल्या. लाजल्या.

"जुनाट मूळव्याध?" एका भारदस्त पुरुषानं विचारलं. "लाज बाळगू नका!"

जगताप वहिनींच्या हातातला माइक सुटला. खोतमामांनी दुपारी बैलगाडा शर्यत बघायला कुठलं तरी पान उघडलं होतं, त्यातली ही जाहिरात. एक बंद केली की दोन उघडायच्या.

"मामा! आवाज बंद करा की ओ त्याचा!" मंडळाच्या अध्यक्षा शिर्केवहिनी ओरडल्या.

मामांनी स्पीकरचं बटण खाली केलं. मूळव्याधवाला गप्प झाला, सनई गप्प झाली आणि भिंतीवर अभ्यंकरबाईंचं तोंड नुसतंच हलायला लागलं. मामांनी घाईनं बटण वर केलं.

"...मला बंद केलंत? परीक्षकाला?"

"तुम्हाला नाही बाई, मूळव्याधीला!"

"काय?"

बटण एकच. खाली केलं की बाईंचा अपमान, वर केलं की नवऱ्यांचा. मामा बटण खालीवर करत बसले.

मला उपाय माहीत होता. शाळा ऑनलाइन होती तेव्हा मी दुसरं काही शिकले नाही, पण हे शिकले. एकाच कॉम्प्युटरवर सरांचा आवाज बारीक आणि कार्टूनचा मोठा कसा करायचा, हे मला झोपेत विचारलं तरी सांगता येतं. खाली उजव्या कोपऱ्यात भोंग्याचं छोटं चित्र असतं. त्यावर माऊसचं उजवं बटण दाबायचं, व्हॉल्यूम मिक्सर उघडायचा. जो जो आवाज करतोय त्या प्रत्येकाच्या नावाची वेगळी पट्टी दिसते. ज्याला गप्प करायचं त्याचीच पट्टी खाली ओढायची. संपलं.

पण सांगणार कशी? आठवा नंबर चालू होता. मी पुढच्या सतरंजीवरच्या कुंभारकाकूंच्या कानाला लागले आणि होता नव्हता तो सगळा आवाज काढला.

"काकू, खोतमामांना सांगा. मिक्सर उघडा. व्हॉल्यूम मिक्सर."

"काय? वालाचं?"

मी जोरजोरात नकारार्थी मान हलवली. पण काकू वळल्या होत्या.

"अगं, मामांना सांगायचंय. मिक्सर उघडा. वालाचं काहीतरी."

पुढचं मी नंतर एकेकीला विचारून जुळवलं. मधल्या रांगेत लोहार वहिनींनी सांगितलं, "वाल वाटायचेत वाटतं. मिक्सर म्हणतायत." त्याच्या पुढच्या रांगेत, "उसळ आहे का गं मग आज? मला वाटलं नुसता चिवडा." आणि पहिल्या रांगेत हा निरोप चव्हाणकाकूंकडे पोचला.

चव्हाणकाकूंची एक खासियत आहे. कुणाचंही वाक्य त्या पुरं होऊ देत नाहीत. त्यांना अर्धं ऐकलं की सगळं कळतं. मागच्या बाईनं "मिक्सर..." एवढंच म्हटलं.

"कळलं!" चव्हाणकाकू म्हणाल्या, आणि स्टेजकडे बघून हाक मारली, "मामा! पळा, मिक्सर आणा! अर्जंट!"

आता, कुठल्याही शहाण्या माणसानं विचारलं असतं, कशाला? पण हळदीकुंकवाला बायकांनी मागितलेली वस्तू 'कशाला' न विचारता आणायची, या एका नियमावर खोतमामांनी तीस वर्षं नोकरी केली होती. ते उठले, माऊसवर रुमाल घातला आणि मागच्या दारानं बाहेर पडले.

मी कपाळावर हात मारून घेतला. नववा नंबर व्हायरसवालीनं खाल्ला. दहाव्या नंबरच्या बाईंनी हुशारी करून थांबायचंच नाही असं ठरवलं, दोन्ही ओळी एका दमात म्हटल्या, आणि "लाजल्या नाहीत, एक गुण कमी," असं भिंतीवरून अभ्यंकरबाई म्हणाल्या.

"नंबर अकरा," शिर्केवहिनींनी चिठ्ठी वाचली. "सौ. रंजना सुतार."

आई उठली. जांभळी साडी, हातात काही नाही तरी मुठी आवळलेल्या. पायऱ्या चढून ती माइकपाशी गेली. आणि त्याच क्षणी मागच्या दारातून खोतमामा आत आले. दोन्ही हातांत शिर्केवहिनींच्या घरचा मिक्सर, काखेत तिन्ही भांडी, गळ्यात वायर.

सगळ्या माना तिकडे वळल्या.

मामांनी आईच्या बाजूला उभं राहून, वाकून, माइकमध्ये अदबीनं विचारलं, "काय वाटायचंय?"

"हा माझा मिक्सर!" शिर्केवहिनी किंचाळल्या. "कुणी मागवला?"

"चव्हाण वहिनी म्हणाल्या, अर्जंट."

"मला मागून सांगितलं!" चव्हाणकाकू म्हणाल्या.

"वाल वाटायचेत म्हणून!" मधल्या रांगेतून लोहार वहिनी.

"अगं, वाल मोडाचे असतात, ते वाटून कशाला..."

"हे बघा," भिंतीवरून अभ्यंकरबाई म्हणाल्या, "मिक्सरचा आवाज माझ्या बाजूनं येत नाहीये. आमचा सकाळपासून बंद आहे. उगाच माझ्यावर आळ नको!"

"जुनाट मूळव्याध?" कॉम्प्युटरनं विचारलं.

आणि या सगळ्याच्या मधोमध माझी आई माइक धरून उभी. तिचा चेहरा मला शेवटच्या रांगेतून दिसला. ती पायऱ्यांकडे बघत होती, उतरायच्या.

मी कशी पळाले ते मला आठवत नाही. दोन सतरंज्या, एक वाणाचं ताट आणि कुणाची तरी मांडी यांवरून गेले. टेबलापाशी पोचले तर मामांनी नेहमीसारखं डोळे वटारून "ए पोरी!" केलं. पण त्यांचे हात! दोन्ही हातांत मिक्सर. काखेत भांडी. माऊस राखायला त्यांच्याकडे एक बोटसुद्धा मोकळं नव्हतं. मी रुमाल उचलला.

कोपऱ्यातलं चित्र, उजवं बटण, आणि तो उघडला. चार पट्ट्या ओळीनं. मी मूळव्याधवाल्याला खाली ओढलं. व्हायरसवालीला ओढलं. दोघं एकदम अशी गप्प झाली की हॉलमध्ये पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. सनई मंद. बाई जशाच्या तशा.

मामा माझ्या खांद्यावरून वाकून पडद्यावरची अक्षरं लावत होते. "मि... क्स... र." त्यांनी हातातल्या मिक्सरकडे बघितलं, मग पुन्हा पडद्याकडे. "आगं, मग हा इथंच होता की! मला कशाला पळवलं?"

"सुतार वहिनी, घ्या तुम्ही," शिर्केवहिनी म्हणाल्या. "आता शांतता आहे."

आईनं माझ्याकडे बघितलं. मी अंगठा दाखवला. तिनं श्वास घेतला.

"उसाच्या टिपरीला डोळे असतात दोन..."

टिपरी म्हणजे लागणीचा उसाचा तुकडा, त्याच्या डोळ्यांतून कोंब फुटतात. आई थांबायच्या जागी थांबली. बायका म्हणाल्या, "नाव घ्या, नाव घ्या!"

"भ..." आई म्हणाली. "भ... भ..."

हॉलमधला सगळा श्वास पुढे झुकला. मला माहीत आहे तो श्वास. मदत करायला निघालेला असतो.

"भास्करराव का?" अभ्यंकरबाईंनी प्रेमानं विचारलं. मी त्यांची पट्टी खाली ओढली. भिंतीवर त्यांचं तोंड पुढची नावं सुचवत राहिलं, भालचंद्र असावं, भीमराव असावं, देव जाणे.

"भ... भ..."

पहिल्या रांगेत चव्हाणकाकू अर्ध्या उठल्या. "अगं, भग..."

मी सनईची पट्टी वर ढकलली. शेवटपर्यंत.

असली सनई आमच्या हॉलनं कधी ऐकली नव्हती. खिडक्यांच्या काचा थरथरल्या, एक लहान बाळ रडायला लागलं, खोतमामांनी मिक्सर छातीशी धरला. चव्हाणकाकूंचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं, पण कुणाला काही कळेना. त्या बसल्या.

आणि खरं सांगायचं तर बाबांचं नाव माझ्याही ओठांवर येऊन बसलं होतं. सगळ्यात आधी माझ्याच. दुकानात आई "सा..." म्हणाली की मी "साबुदाणा" म्हणायचे, दारात कुणी आलं आणि आई "ब..." म्हणाली की मी "बाबा घरी नाहीत" म्हणायचे. मी पटकन म्हणते म्हणून सगळे माझं कौतुक करायचे. त्या दिवशी घसा ठीक असता तर मी चव्हाणकाकूंच्याही आधी ओरडले असते, नक्की. मी तोंड उघडलंसुद्धा. पंपाची हवा गेली फक्त.

तेव्हा मला कळलं, "तू मध्येच..." च्या पुढे काय होतं ते.

सनईच्या त्या कल्लोळात आईचे ओठ हलताना दिसले. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा ती हसली. मी पट्टी हळूहळू खाली आणली.

"भगवानरावांना," आई म्हणाली, एका झटक्यात, "ओरडणार माझ्याशिवाय कोण?"

काय टाळ्या पडल्या! कुंभारकाकूंनी शिट्टी वाजवली. कुंभारकाकूंना शिट्टी येते हे त्यांच्या नवऱ्यालाही माहीत नसेल. मामांना टाळ्या वाजवता येईनात, म्हणून त्यांनी मिक्सरची भांडी एकमेकांवर वाजवली. मी अभ्यंकरबाईंची पट्टी वर केली.

"...उखाणा स्वतंत्र रचनेचा आहे, भाव आहे, विनोद आहे," बाई म्हणत होत्या. "पण दोन आणि कोण. दोनमधला न नळाचा, कोणमधला ण बाणाचा. यमक जुळत नाही. एक गुण कापते."

आईनं माइक शिर्केवहिनींच्या हातात दिला होता. तो तिनं परत घेतला.

"बाई, म... मला म..."

"मागायचा आहे? गुण असा मागून मिळत नाही हो."

"न... नाही. मला म्ह..."

"म्हणायचंय की नियम माहीत नव्हता. कळलं मला. पण नियम..."

मी कुणाची परवानगी घेतली नाही. पट्टी खाली. बाई भिंतीवर बोट नाचवत राहिल्या, न आणि ण हवेत काढून दाखवत राहिल्या, आवाज शून्य.

"म... मला म्हणायचंय," आई म्हणाली, "की माझ्या माहेरी न आणि ण असे दोन नाहीतच. आम्ही प... पाण्याला पानी म्हणतो. आणि कोणाला क... कोन. लग्न होऊन इथे आले, तेव्हा सगळ्यांनी मला ब... बाणाचा ण शिकवला. मी शिकले. रोज वापरते. पण हा उखाणा म... माझ्या माहेरच्या उसाचा आहे. तिथला डोळा, तिथली टिपरी. तिथे म्हणून बघा. उसाच्या टिपरीला ड... डोळे असत्यात दोन, भगवानरावांना वरडनार माझ्याबिगर कोन! कुठं म... मोडलं यमक? सांगा की!"

दुसऱ्यांदा ते नाव कधी येऊन गेलं ते तिलाही कळलं नाही. लिहून काढलं तर हे एवढंसंच दिसतं. पण कॉम्प्युटरवरच्या घड्याळाप्रमाणे आईला त्याला साडेतीन मिनिटं लागली. कितीतरी ठिकाणी ती थांबली. प्रत्येक ठिकाणी अख्खा हॉल तिच्याबरोबर थांबला. चव्हाणकाकूंनी एकदा तोंड उघडलं, माझ्या हाताकडे आणि सनईच्या पट्टीकडे बघितलं, आणि स्वतःच पदर तोंडाला लावला.

आईनं भिंतीकडे मान वर केली. "आता त... तुमचं काय म्हणणं आहे?"

मी बाईंची पट्टी वर केली.

"...दिला! अहो, दिला गुण! केव्हाची ओरडून सांगतेय, पानी म्हणालात तिथेच दिला! पूर्ण गुण! पहिलं बक्षीस तुम्हालाच! ऐकू येत नाही का तुम्हाला कुणाला?"

पुन्हा टाळ्या. शिर्केवहिनी हसत हसत पुढे आल्या आणि माइकसाठी त्यांनी हात पुढे केला. आईनं तो अंगाशी ओढून घेतला.

"थ... थांबा वहिनी," ती म्हणाली. "थांबा बाई. माझं अजून संपलं नाही."

मी पट्टी पुन्हा खाली ओढली.